जौनपूरमध्ये समिती हलली नाही, वर्ग मात्र भरले

उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातील जौनपूर जिल्ह्यात २००५ साली सर्वेक्षक २८० गावांतून घरोघरी फिरले आणि सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुढे त्यांनी वाचायला एक छापील कागद ठेवला. सुटी अक्षरे, सोपे शब्द, छोटा उतारा आणि एक साधी गोष्ट, अशा चढत्या पायऱ्या त्यात होत्या. सुमारे २,८०० कुटुंबे, ३१६ शाळा आणि साडेसतरा हजारांच्या आसपास मुले या पाहणीत आली. साधारण सात मुलांमागे एकाला अक्षरही ओळखता येत नाही आणि साधी गोष्ट वाचून समजणारी मुले पाचांत जेमतेम दोन आहेत, असे त्यातून दिसले. ही मुले शाळेबाहेरची नव्हती. त्यांच्यातील फार मोठ्या संख्येची नावे पटावर होती. शाळा गावात होती, शिक्षक नेमलेले होते, आणि तरीही मुलाला काय येते याची खबर ना शाळेला होती ना घराला.

गावाने शाळेकडे लक्ष द्यावे यासाठी सरकारी व्यवस्थाही कागदावर तयार होती. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक गावासाठी ग्राम शिक्षण समिती असावी, अशी रचना होती. गावचा प्रधान, शाळेचा मुख्याध्यापक आणि तीन पालक असे तिचे सदस्य. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, अडचणी वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवणे, मिळालेल्या निधीचा विनियोग पाहणे आणि एका शिक्षकामागे चाळीसपेक्षा जास्त मुले असतील तर शिक्षामित्र म्हणून जादा शिक्षकाची मागणी करणे, हे सारे तिच्या अधिकारात होते. प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून अधिक पालकांना अशी समिती असते हेच माहीत नव्हते. त्याहून बोलके निरीक्षण सदस्यांविषयीचे आहे. त्यांच्यापैकी जवळपास चौथ्या हिश्शाला आपण सदस्य आहोत याचीच कल्पना नव्हती. ज्याला आपण समितीवर आहोत हे ठाऊक नाही, तो बैठकीला येत नाही अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची, हा प्रश्न लोकसहभागाच्या कोणत्याही योजनेपुढे आधी ठेवायला हवा.

वस्तीतील माणसे आणि गावची शाळा यांनी एकमेकांना हात द्यावा, असे सगळेच म्हणतात. तो हात नेमका कोणत्या कामात द्यायचा, याची पारख जौनपूरमध्ये जितक्या काटेकोरपणे झाली तितकी क्वचितच कुठे झाली असेल. त्यासाठी तेथील तीन प्रयोग एकेक करून पाहावे लागतात.

प्रयोगाची आखणी

काम हाती घेतले ते ‘प्रथम’ या संस्थेने, आणि मोजमापाची बाजू सांभाळली ती अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनरस्टर आणि स्तुती खेमाणी या अर्थशास्त्रज्ञांनी; संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी या अभ्यासाच्या सहलेखिका होत्या. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘प्रथम’ची सुरुवात १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांमध्ये झाली होती आणि वस्तीतील माणसांकडून शिकवण्याचे काम करून घेण्याचा तिचा अनुभव जुना होता. मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांमध्ये तिने बालसखी उपक्रम चालवला होता. वस्तीतीलच, शालेय शिक्षण झालेली तरुणी तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत असे आणि त्यासाठी तिला अल्प मानधन मिळे. २००१ ते २००३ या काळातील मोजणीत त्या उपक्रमाचा परिणाम स्पष्ट दिसला होता, आणि दुसऱ्या वर्षी तो पहिल्या वर्षाच्या दुप्पट होता. जौनपूरला जाताना संस्थेच्या गाठीशी ही शिदोरी होती. मात्र तेथे प्रश्न वेगळा होता. मानधन न देता, शाळेच्या आवारात न शिरता, गाव स्वतःहून उभे राहील का, आणि राहिलेच तर कोणत्या रूपात, हे तिला पाहायचे होते.

२८० गावांची चार गटांत वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, म्हणजे कोणाच्याही पसंतीविना झाली. ८५ गावांमध्ये काहीच केले गेले नाही. ती तुलनेसाठी होती. उरलेल्या गावांचे ६५-६५ चे तीन गट पाडले गेले.

पहिल्या गटात फक्त माहिती दिली गेली. कार्यकर्ते गावात दोन-तीन दिवस राहून टोल्याटोल्यावर, म्हणजे वाडीवस्तीवर, छोट्या बैठका घेत आणि शेवटी संपूर्ण गावाची सभा भरवत. समिती म्हणजे काय, तिचे सदस्य कोण, तिच्याकडे कोणते अधिकार आणि किती निधी, हे त्या सभेत शक्यतो प्रधानाने किंवा मुख्याध्यापकानेच सांगावे असा आग्रह असे. पुढे सदस्यांना त्यांच्या जबाबदाऱ्यांची छापील पत्रिकाही दिली गेली. दुसऱ्या गटात हे सारे होतेच, शिवाय गावातील माणसांना वाचनाचा तो कागद हातात धरून मुलांची चाचणी कशी घ्यायची हे दाखवले गेले. त्यांनी आपल्याच वस्तीतील मुलांची चाचणी घ्यायची आणि त्यातून तयार झालेले प्रगतिपत्रक गावसभेपुढे मांडायचे. तिसऱ्या गटात त्यापुढची एक पायरी होती. ज्याची इच्छा असेल त्याला मुलांना वाचायला शिकवण्याची सोपी पद्धत चार दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवली जाई, आणि मग त्याने आपल्या वस्तीत, शाळेच्या वेळेबाहेर, दोन-तीन महिने, रोज सुमारे दोन तासांचा वर्ग चालवायचा. मानधन नाही. अधूनमधून संस्थेचा कार्यकर्ता येऊन वर्ग पाहून जाई, एवढाच आधार.

ही आखणी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तीनही गटांत गावाला सांगितलेली समस्या एकच होती आणि ती सांगण्याची तळमळही सारखीच होती. फरक होता तो गावाच्या हाती दिलेल्या साधनात. पहिल्या गटाला अधिकार कळला, दुसऱ्याला अधिकारासोबत पुरावा मिळाला, तिसऱ्याला अधिकार आणि पुरावा यांच्या जोडीला एक काम मिळाले.

सभा भरल्या, पण पुढे काही झाले नाही

सभांना लोक आले नाहीत असे मुळीच नव्हते. गावसभेला सरासरी शंभराहून अधिक माणसे जमली. ज्यांनी गावांत सभा घेतल्या आहेत त्यांना हा आकडा किती मोठा आहे हे कळेल. चर्चा झाल्या, आपल्या मुलांना वाचता येत नाही हे कळल्यावर आश्चर्य आणि काही ठिकाणी संतापही व्यक्त झाला. वर्षभराने पुन्हा पाहणी झाली तेव्हा समितीविषयीची माहिती थोडीशी वाढलेली आढळली. त्यापलीकडे फारसे काही नव्हते. समित्यांनी शाळेवर जास्त देखरेख केली नाही, जादा शिक्षकासाठी किंवा निधीसाठी त्यांची धडपड वाढली नाही, शिक्षकांच्या उपस्थितीत व कामात फरक पडला नाही, पालकांचे शाळेत जाणे-येणे वाढले नाही आणि पहिल्या दोन गटांत मुलांच्या वाचनातही सुधारणा दिसली नाही.

या निष्कर्षाचा सोपा अर्थ लावण्याचा मोह फार होतो. लोकांना आपल्या मुलांच्या शिक्षणाचे काही पडलेले नाही, असे म्हणून मोकळे होणारे अधिकारी आणि कार्यकर्ते दोन्ही आपल्याला भेटतात. तिसऱ्या गटाने हा अर्थ तेथल्या तेथे खोटा पाडला. ६५ पैकी ५५ गावांत वर्ग उभे राहिले. त्यांची संख्या चारशेच्या घरात होती आणि त्यांत साडेसात हजारांच्या आसपास मुलांनी नावे नोंदवली. म्हणजे वर्ग भरलेल्या प्रत्येक गावात सरासरी १३५ मुले. ही तीच माणसे, त्याच जिल्ह्यातली, आणि तशाच सभांमधून उठून गेलेली. समितीच्या वाटेने जायला ती तयार नव्हती. मुलाला घेऊन बसायला तयार होती.

असे का व्हावे, याचा विचार समितीच्या सदस्याच्या जागी उभे राहून केला तर उत्तर फारसे गूढ राहत नाही. समजा, एका पालक-सदस्याला आपला अधिकार नीट समजला आणि आपल्या गावच्या शाळेत मुले वाचायला शिकत नाहीत हे त्याने स्वतः तपासूनही पाहिले. आता त्याने करायचे काय? शिक्षकाची नेमणूक, बदली आणि पगार यांपैकी काहीही त्याच्या हातात नाही. मुख्याध्यापक समितीतच बसलेला आहे, प्रधानही तेथेच आहे, आणि त्या दोघांचे संबंध बिघडवून सदस्याला गावातच राहायचे आहे. जादा शिक्षकाची मागणी करायची तर अर्ज वर जाणार, वर तो किती काळ पडून राहील हे कोणी सांगू शकत नाही, आणि मंजूर झालाच तरी नवा शिक्षक मुलांना वाचायला शिकवीलच याची हमी नाही. प्रत्येक पायरीवर इतर कोणाच्या तरी होकाराची गरज, आणि शेवटी लाभ अनिश्चित. अशा साखळीत पहिला हात कोण घालील? याउलट वर्ग चालवणाऱ्या स्वयंसेवकाला कोणाची परवानगी लागत नाही. दहा मुले ओसरीवर बसवली की काम सुरू होते, आणि पंधरा दिवसांत एखादे मूल अक्षर जोडून शब्द वाचू लागले की ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

म्हणून या प्रकरणातून ‘समित्या निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. समितीला अधिकाराचे नाव होते, पण त्या अधिकाराचा दुसरा दोर शाळेला बांधलेला नव्हता. तो ओढला तरी पलीकडे काही हलत नाही, हे गावकऱ्यांनी बहुधा अभ्यासकांच्या आधीच ओळखले होते. पुढे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे म्हटले. पालकांचा वाटा वाढवला हे चांगलेच झाले. पण जौनपूरमध्ये अडचण पालकांच्या संख्येची नव्हती, हे तो कायदा राबवणाऱ्यांनी विसरता कामा नये.

वर्गात काय घडत होते

स्वयंसेवकांनी मुलांना नेमके काय शिकवले, हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे अंग आहे आणि चर्चेत तेच बहुधा वगळले जाते. चार दिवसांच्या प्रशिक्षणात कोणी शिक्षक होत नाही. ते प्रशिक्षण पुरले, कारण काम मुद्दाम अरुंद ठेवले होते. पाठ्यपुस्तक संपवायचे नाही, इयत्तेप्रमाणे शिकवायचे नाही, गृहपाठ घ्यायचा नाही. मूल अक्षरांपाशी अडले आहे, शब्दांपाशी की उताऱ्यापाशी, हे आधी कागदावरून पाहायचे आणि त्याला तेथून पुढच्या एका पायरीपर्यंत न्यायचे. चौथीतले मूल अक्षरांपाशी असेल तर त्याला अक्षरांपासूनच सुरुवात करायची, त्यात कमीपणा मानायचा नाही. चाचणीचा कागद आणि शिकवण्याचा क्रम एकच असल्यामुळे आज कोठे आहोत आणि उद्या कोठे जायचे हे स्वयंसेवकाला, मुलाला आणि दारात उभ्या असलेल्या आईलाही सारखेच समजत होते.

स्वयंसेवकांवर आधारलेले कितीतरी उपक्रम नेमके याच ठिकाणी फसलेले मी पाहिले आहेत. उत्साही माणसाला ‘शाळेला मदत करा’ असे सांगितले जाते. तो पहिल्या आठवड्यात भिंती रंगवतो, दुसऱ्या आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मांडतो, आणि तिसऱ्या आठवड्यात आपले तेथे काय काम आहे हे न कळल्याने येईनासा होतो. त्यात त्याचा दोष थोडा आणि काम न आखणाऱ्याचा अधिक. जौनपूरच्या स्वयंसेवकाला काम किती काळ करायचे, रोज किती वेळ द्यायचा, कोणत्या मुलांसाठी, आणि ते साधले हे कसे ओळखायचे, या चारही प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशी मिळालेली होती.

परिणामाचे आकडे दोन पातळ्यांवर पाहावे लागतात. तिसऱ्या गटातील गावांमधील सगळी मुले एकत्र धरली तर सुधारणा फार किरकोळ दिसते. अक्षरे ओळखणाऱ्या किंवा शब्द-उतारे वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आतच वाढले. पण या गावांतील मुलांपैकी सुमारे आठ टक्केच मुले वर्गाला आली होती. त्या सरासरीत न आलेल्यांचाही भार आहे, तेव्हा आलेल्या मुलांचे काय झाले हे वेगळे काढावे लागते. येथे साधी तुलना चालत नाही, कारण वर्गाला आलेली मुले मुळातच जास्त उत्सुक किंवा त्यांचे पालक जास्त जागरूक असू शकतात. म्हणून अभ्यासकांनी आलेल्या मुलांची न आलेल्यांशी तुलना केली नाही. कोणत्या गावात वर्ग होणार हे चिठ्ठीने ठरले होते, त्या आधारावर गावागावांमधील फरक घेऊन तो वर्गाला आलेल्या मुलांच्या वाट्याला लावला.

त्या हिशेबाने चित्र पालटते. सुरुवातीला काहीच वाचता न येणारे जे मूल वर्गाला आले, ते वर्षभराने अक्षरे ओळखू लागण्याची शक्यता वर्ग नसलेल्या गावातील तशाच मुलापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त होती. केवळ अक्षरे येणारे जे मूल वर्गाला आले, ते गोष्ट वाचून समजू लागण्याची शक्यता २६ टक्क्यांनी जास्त होती. दोन-तीन महिन्यांचा वर्ग, विनामोबदला शिकवणारी गावचीच व्यक्ती आणि चार दिवसांचे प्रशिक्षण, एवढ्या भांडवलावर हे साधले. शाळेत तीन-चार वर्षे बसूनही जे मूल अक्षरांपाशीच अडून राहिले होते, त्याच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ काय, हे निराळे सांगायला नको.

शाळा कुठे होती

आता या प्रकरणाची दुखरी बाजू. वर्ग शाळेबाहेर भरले, शाळेच्या वेळेबाहेर भरले, आणि शाळा होती तशीच राहिली. शिक्षकाने पाहिले असेल की आपल्या वर्गातील काही मुले अचानक वाचू लागली आहेत, पण त्याच्या शिकवण्यात त्यामुळे बदल झाल्याचे काही दिसले नाही. वस्ती आणि शाळा शेजारी राहूनही परस्परांच्या कामात शिरल्या नाहीत. वर्गाला येणे ऐच्छिक होते, त्यामुळे ज्या मुलाला सर्वांत जास्त गरज होती, ज्याला धाकट्या भावंडाला सांभाळायचे होते किंवा ज्याच्या घरी कोणी ‘जा’ म्हणणारे नव्हते, ते मूल बहुतेक वेळा आलेच नाही. आठ टक्के हा आकडा म्हणूनच उपक्रमाची मर्यादा सांगतो. स्वयंसेवकाच्या ओसरीवर येणाऱ्या मुलांची संख्या शाळेच्या पटाइतकी कधीच होत नसते.

मग स्वयंसेवकाला सरळ शाळेतच आणले तर? हा अगदी स्वाभाविक पुढचा विचार होता आणि तो करून पाहिला गेला. २००८ ते २०१० या काळात बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शाळांसोबत काम झाले. काही शाळांना केवळ साहित्य, काहींना साहित्यासोबत शिक्षकांचे प्रशिक्षण, आणि काहींना या दोन्हींच्या जोडीला गावचे स्वयंसेवक, अशी विभागणी होती. बिहारमधील पश्चिम चंपारण जिल्ह्यात जेथे स्वयंसेवक होते तेथे मुलांचे वाचन सुधारले. तेथील स्वयंसेवक मागे पडलेल्या मुलांचे वेगळे वर्ग शाळेच्या वेळेबाहेर घेत होते. नुसत्या साहित्याने किंवा साहित्य अधिक प्रशिक्षणाने तसे काही साधले नाही. उत्तराखंडमध्ये मात्र स्वयंसेवक असूनही परिणाम शून्य निघाला. कारण शोधल्यावर कळले की तेथे स्वयंसेवक शाळेतच सामावले गेले होते. शिक्षक कमी, म्हणून आलेल्या माणसाला नेहमीच्या वर्गावर उभे केले गेले, आणि तोही पाठ्यपुस्तक पुढे रेटू लागला. मुलाला त्याच्या पायरीवरून शिकवण्याचे जे एकमेव काम त्याला येत होते, तेच नेमके त्याच्या हातून सुटले.

या दोन राज्यांच्या तुलनेत मला या साऱ्या मालिकेतील सर्वांत उपयोगी धडा दिसतो, आणि तो शाळेला दोष देणारा नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असलेल्या शाळेत उद्या एक धडधाकट, शिकलेला तरुण विनामूल्य येऊन उभा राहिला तर कोणताही समंजस मुख्याध्यापक त्याला आधी रिकाम्या वर्गावरच पाठवील. शिक्षकाची कुवतही येथे प्रश्नात नव्हती. त्याच पश्चिम चंपारणमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात महिनाभराची शिबिरे भरवली गेली, त्यांत सरकारी शिक्षकांनीच याच पद्धतीने, स्वयंसेवकांच्या मदतीने शिकवले आणि मुले शिकली. म्हणजे पद्धत शिक्षकाला जमत होती. जून उलटून शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे पुन्हा डोक्यावर येत होते आणि ती पद्धत बाजूला पडत होती. वर्षाअखेरीस शिक्षकाला जाब विचारला जातो तो धडे संपले का याचा. मागच्या बाकावरील मूल वाचू लागले का, असे विचारणारा कोणी नाही. अशा व्यवस्थेत शिक्षक असो वा स्वयंसेवक, जो वेळापत्रकात शिरेल तो वेळापत्रकाचाच होऊन जाईल.

तेव्हा तोडगा माणसांपेक्षा वेळेच्या रचनेत शोधावा लागला. हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेच्या दिवसात एक तास स्वतंत्र काढण्यात आला. त्या तासात तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता विसरून वाचनाच्या पायरीप्रमाणे बसत, शिकवत शाळेचेच शिक्षक, आणि त्यांच्या मदतीला व देखरेखीला शिक्षण खात्याचे गटपातळीवरील समन्वयक असत. हिंदी वाचनात सुधारणा झाली, बेताची पण खात्रीची. तास ठरलेला, त्या तासात पाठ्यपुस्तक उघडायचे नाही असाही दंडक, आणि तो पाळला जातो का हे पाहायला खात्याचाच माणूस. तेथे शिक्षक होते म्हणून काम चालले. ज्या शाळांत शिक्षकांकडून हे होणे अवघड, तेथे काय करायचे, हा प्रश्न उत्तर प्रदेशात शिल्लक होताच.

त्याचे उत्तर २०१३-१४ मध्ये उन्नाव आणि सीतापूर जिल्ह्यांतील सरकारी शाळांमध्ये शोधले गेले, आणि तेथे जौनपूरचे दोन्ही धागे एकत्र आले. दहा किंवा वीस दिवसांची शिबिरे शाळेच्या आवारात, शाळेच्याच वेळेत भरवली गेली. वर्षभरात मिळून त्यांचे दिवस पन्नासच्या आसपास होते. शिकवण्याची धुरा संस्थेच्या कार्यकर्त्यांकडे होती आणि गावचे प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांच्या जोडीला होते. शिबिराचे दिवस वर्षाच्या इतर दिवसांपासून वेगळे राखल्यामुळे स्वयंसेवकाला रिकाम्या वर्गावर पाठवण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि शिबिर शाळेत असल्यामुळे मुलाने यावे की न यावे हे त्याच्या घरच्या ओढाताणीवर अवलंबून राहिले नाही. ज्या शाळांत शिबिरे झाली तेथे निदान उतारा तरी वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण शिबिरे न झालेल्या शाळांच्या सुमारे दुप्पट झाले. स्वयंसेवकांचा सहभाग असलेल्या उपक्रमांमध्ये इतका मोठा फरक क्वचितच नोंदला गेला आहे.

येथे एका खटकणाऱ्या गोष्टीची नोंद करायला हवी. जौनपूरमध्ये वर्ग संपूर्णपणे गावाचा होता. बाहेरचा कार्यकर्ता चार दिवस शिकवून जाई आणि नंतर कधीतरी डोकावे. उन्नाव-सीतापूरमध्ये परिणाम कितीतरी मोठा आला, पण पुढे उभा होता तो संस्थेचा पगारी कार्यकर्ता, आणि गावचा स्वयंसेवक त्याच्या हाताखाली. मुलांचे हित पाहायचे तर निवड अवघड नाही. वस्तीची ताकद वाढावी हा हेतू असेल तर मात्र हा सौदा डोळसपणे करावा लागतो, कारण कार्यकर्ता पुढच्या तालुक्यात निघून गेल्यावर गावात राहणार असतो तो स्वयंसेवकच. त्याला शिबिरात खडू आणून देण्यापुरते ठेवले की गट बांधून स्वतः शिकवू दिले, यावरून त्या गावात पुढच्या वर्षी काही होईल की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. माझ्या मते शिबिराच्या आखणीत शेवटचे काही दिवस तरी कार्यकर्त्याने मागे बसावे आणि स्वयंसेवकाने पुढे यावे. मुलांची प्रगती त्यामुळे किंचित मंदावली तरी चालेल.

आपल्या वस्तीतील शाळेसाठी काही करू पाहणाऱ्या गटाने जौनपूरकडे पाहताना सगळ्यात आधी त्या दहा गावांचा विचार करावा, जेथे प्रशिक्षणाची सोय असूनही वर्ग उभा राहिला नाही. सभा तेथेही झाली होती आणि प्रगतिपत्रक तेथेही वाचून दाखवले होते. पण सभेनंतर ‘मी घेतो वर्ग’ असे म्हणून तो चालवणारी व्यक्ती मिळाली नाही, आणि तिच्या जागी पाच जणांची समिती कामाला आली नाही. ज्या गावांत ती व्यक्ती मिळाली, तेथे पुढचे सारे तिच्या हाती दिलेल्या एका कागदापासून सुरू झाले. उन्नाव-सीतापूरच्या शिबिरांतही पहिल्या दिवशी शाळेच्या आवारात मुलांना रांगेने बसवून तशाच अक्षरे, शब्द, उतारा आणि गोष्ट छापलेल्या कागदावरून एकेकाला वाचायला लावत, आणि ते मूल कोणत्या गटात बसेल हे त्याची इयत्ता न विचारता तेथेच ठरवत.